एकही स्क्रू नसलेला संगणक

चि. खारूताईस,

मामाचे भरघोस आशीर्वाद. पाठ कशी आहे? पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं हे दिवसभर बसून ठरवायचं, हे तुझं काम मला अजून नीट कळलेलं नाही, पण त्यात पाठ धरते एवढं कळलंय. ताईला नमस्कार सांग. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. मामी जरा जास्त ठीक आहे, कारण तिने कुठलीही वस्तू पेचकसाने उघडलेली नाही.

तू पाठवलेला नवा संगणक पोचला. खोक्यातून काढल्याबरोबर मी तो पालथा केला. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केल्यावर माणूस कुठल्याही वस्तूचं आधी मागचं झाकण शोधतो. ह्याला झाकणच नाही! एक स्क्रू नाही, नख घालायला फट नाही. आधी मला राग आला, मग कुतूहल वाटायला लागलं. बनवणाऱ्याने असं का ठरवलं असेल? मग आठवलं, की घड्याळ पातळ हवं, पाण्यात चालायला हवं आणि झाकणही झटकन उघडायला हवं, असं तिन्ही एकदम मागणाऱ्या गिऱ्हाइकांना मी जन्मभर स्टुलावर बसवून समजावत आलो, की बाबा रे, यातली दोन निवड. म्हणजे ह्या संगणकवाल्याने माझ्या वतीने दोन निवडून टाकली. कुणाला विचारून, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे (तुझी कुणाशी ओळख असेल तर विचार, मी भांडणार नाही).

विचारण्यावरून आठवलं. जुना संगणक फार विचारायचा. पुसू का, नक्की पुसू का, जतन करू का, अगदी संशयी कारकुनासारखा. नवा काही विचारतच नाही. जतन करायचं बटणच नाही, सगळं आपोआप जतन होतं म्हणे. पहिल्या दिवशी मी एक ओळ लिहिली आणि ती राहिली की गेली ते कळेना, म्हणून ती कागदावर उतरवून ठेवली. त्याने आल्यापासून एकच प्रश्न विचारला, की घरातल्या सगळ्या यंत्रांवर सगळं सारखंच ठेवू का? आता माझ्या दुकानात भिंतीवर सव्वीस घड्याळं होती आणि सव्वीसही एकच वेळ दाखवायची. दोन घड्याळांत मिनिटाचा फरक पडला तर मला जेवण जायचं नाही. मी ताबडतोब हो म्हटलं.

आता मुद्द्याची गोष्ट (ही मोठ्याने वाचू नकोस). मामीने वीस वर्षांत विणकामाचे चारशे बारा नमुने जुन्या संगणकावर चढवले, हे तुला माहीत आहेच. सुलट टाक्याला एक चिन्ह, उलट टाक्याला दुसरं. त्या नमुन्यांचं पुस्तक निघतंय, महिनाअखेरीस प्रकाशकाला सगळं द्यायचं आहे. नव्या संगणकावर ते उघडले तर टाक्यांच्या जागी नुसते रिकामे चौकोन! ती चिन्हं ज्या प्रोग्रामची, तो बनवणारे केव्हाच दुकान आवरून गेले, आणि नव्याला जुन्याची भाषा येत नाही. मला वाटलं, जुन्याच्या पोटात तरी बघू. त्याला मागे सहा स्क्रू होते, अगदी ‘या’ म्हणत असल्यासारखे. पांढऱ्या फडक्यावर सगळे भाग ओळीने मांडले. पंखा घरघरत होता म्हणून त्याला घड्याळाच्या तेलाचा एक थेंब दिला (मग आणखी चार, पंखा घड्याळाच्या मानाने मोठा होता). परत जोडलं तेव्हा एक स्क्रू उरला आणि संगणक काही उठला नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच विचार फिरतोय. त्याला स्क्रू नसते, तर मी तो उघडला नसता. म्हणजे नव्याचं झाकण बनवणाऱ्याने माझ्यासारख्यांना ओळखूनच काढून टाकलं की काय? मग तो शहाणा म्हणायचा की आगाऊ? मामीला मी सांगितलंय, की दुरुस्त केलेलं घड्याळ दुकानात आठ दिवस फळीवर निरीक्षणाखाली ठेवायचो, तसाच हाही ठेवलाय. आज सातवा दिवस आहे.

तुझा,
मामा

ता. क. १ : पत्र पाठवायचं बटण सापडत नाही. तुम्ही लोक ते इतकं छान लपवता कशासाठी? अंघोळ करून पुन्हा शोधतो.

ता. क. २ : खरं काम हे, की उद्याच ये आणि जुन्यातले नमुने कसेही करून बाहेर काढ. वीस वर्षांचं तिचं काम माझ्या हातून गेलं, तर मी तिला काय तोंड दाखवू? फार भीती वाटते गं. मामीला मात्र पत्ता लागू देऊ नकोस.

ता. क. ३ : खारूताई, मी मामी. हे अख्खं पत्र मी स्वयंपाकघरात माझ्या फोनवर वाचलं. सगळीकडे सारखं ठेवायला ह्यांनी हो म्हटलंय ना, त्यामुळे हे तिकडे जे लिहितात ते इकडे लगेच उमटतं. वाचण्याच्या नादात भाजी करपली. नमुने सुखरूप आहेत. वहीत काढल्याशिवाय मी एकही नमुना संगणकावर घातलेला नाही, आणि वह्या गेल्या महिन्यातच प्रकाशकाकडे पोचल्या. पण हे ह्यांना सांगू नकोस. दुकान बंद केल्यापासून हे जेवताना नुसते भिंतीकडे बघत बसायचे. ह्या आठवड्यात मात्र इतके प्रश्न विचारलेत, की माझे टाके चुकायला लागले. तू ये, पण त्या जुन्याला एकदम बरं करू नकोस. एकदा लिहिलेलं पत्र हे परत वाचत नाहीत. आता अंघोळीला गेलेत, तेवढ्यात लिहून घेते.

ता. क. ४ : मी मामा. अंघोळीहून केव्हाच आलो. मामीचं लिहिणं माझ्या पडद्यावर एकेक अक्षर करत उमटत होतं, ते टॉवेल गुंडाळून उभ्याउभ्या वाचलं. मी भिंतीकडे बघतो हे तिला दिसत होतं, हे मला माहीत नव्हतं. ती आता करपलेली कढई घासतेय, फोन लांब आहे. मी वाचलं हे तिला सांगू नकोस. पाठवायचं बटण सापडलं, वर कोपऱ्यात होतं. उद्या येण्याची घाई करू नकोस. तो उरलेला स्क्रू कुठला, हे शोधायला मला अजून बरेच दिवस लागणार आहेत.