भिजत घातलेल्या मनुका

आई, आज शनिवार. उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन आहे, आणि तू गेल्यापासून भाकरीबरोबरच्या प्याल्यातला रस करायचं काम माझ्याकडे आहे. स्वयंपाकघराच्या दारातल्या तुझ्याच वेलाच्या काळ्या मनुका सकाळी कोमट पाण्यात भिजत घातल्यात. एव्हाना त्या कुस्करून, फडक्यातून पिळून, रस उकळून गार करायला ठेवायला हवा होता. पाळकांचा फोन येऊन गेला, रस झाला ना म्हणून. मी हो म्हटलं. झालेला नाही. हात पुढे होत नाहीये, आणि का होत नाहीये ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

तुझा शनिवार मला पाठ आहे. मनुका पिळायच्या आधी तू घरातल्या एकेकाला विचारायचीस, "कुणाशी अबोला आहे का?" असला, तर फडकं बाजूला. आधी जाऊन या, मग रस. एकदा शेजारच्या म्हाताऱ्यानं तुझ्यावर पाणी चोरल्याचा आळ घेतला. आपली पाळी नसताना तू पाट फोडलास म्हणे. साफ खोटं! साऱ्या वस्तीसमोर तो तुला वाट्टेल ते बोलला, तू ऐकून घेतलंस, आणि शनिवारी पदर खोचून त्याच्याच घरी निघालीस. मी शाळकरी, पण तोंडाची तेव्हापासूनच फटकळ. "चूक त्यांची आणि जायचं तू? काय म्हणून?" तू पायरीवरून वळून बघितलंस. "चूक कुणाची ते ठरवायला जात नाही मी. त्याच्या मनात माझ्याबद्दल काहीतरी आहे, तेवढं मला पुरे. आणि तू पण यायचंस. तोंड शिवून." आले. तू ओसरीवर बसलीस, म्हातारीच्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलंस आणि तिच्याबरोबर तूर निवडायला लागलीस. पाण्याचा विषय नाही, माफी नाही, काही नाही. म्हातारा दाराआडून खाकरत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "च्या टाका की बाईंना." मला त्या चहाचा असा राग आला होता! तू मात्र बशीत ओतून, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायलीस.

त्या म्हाताऱ्याचा मुलगा आता आपला शेजारी. लहानपणी तापानं त्याला झटके येत होते, तेव्हा दवाखान्याची गाडी येईपर्यंत तू त्याला मांडीवर घेऊन प्रार्थना करत बसली होतीस, तोच हा. पोरगा वाचला आणि वस्तीवर झालं, बाईंच्या प्रार्थनेला गुण आहे. तू चिडायचीस. "गुण माझा नाही गं बायांनो, देवाचा." त्या हो हो म्हणायच्या आणि पुन्हा आजारी पोर घेऊन तुझ्याच दारात उभ्या.

तर यानं दिवाळी झाल्यावर उसात तणनाशक मारलं. वारा लेण्याद्रीच्या डोंगराकडून सुटलेला, सरळ आपल्या बागेवर. मी बांधावरून ओरडतेय, थांब रे बाबा, वारा आहे, आणि याचा पंप चालूच. "एवढ्यानं काय व्हतंय, ताई!" छाटणी होऊन द्राक्षाला नुकती फूट निघालेली. बघता बघता कोवळी पानं आकसून वाकडी झाली, घड जागच्या जागी जिरले. वर्षाचं पीक गेलं. तो बघायलाही फिरकला नाही. मग मीच गेले. त्याच्या खळ्यात बायका कांद्याची रोपं निवडत होत्या, त्या सगळ्यांसमोर मी तोंड सोडलं. "माझ्या बागेची कोवळी फूट जाळलीस तू. तुझ्या घरात कोवळं काही जगायचं नाही, बघ!" बायकांचे हात थांबले. दारात त्याची नवी सून उभी होती. तिला दिवस गेलेत हे मला माहीत नव्हतं. शपथ घेत नाही, तुला आवडायचं नाही, पण खरंच नव्हतं.

परवापासून ती पोर मंचरला दवाखान्यात आहे. चौथा महिना, आणि रक्त जायला लागलंय. डॉक्टरांनी जागचं हलायचं नाही म्हणून सांगितलंय. आज दुपारी शेजारीण आली. एरवी थेट ओट्यापर्यंत येणारी बाई, आज पायरीखालीच थांबली आणि तिनं पदर पसरला, आई. माझ्यापुढे. "ताई, तेवढा शब्द माघारी घ्या. पोरगी जेवंना. डोळं मिटलं की तुमचंच बोलणं ऐकू येतंय म्हणती." मला लाज वाटायला हवी होती. मला आला राग. "अहो, शाप-बिप आम्ही मानत नाही. असलं काही नसतं. डॉक्टर सांगतील तसं करा." बरोबरच बोलले की नाही? पाळकही हेच बोलले असते. तिनं पदर आवरला. "बाईंची प्रार्थना लागली व्हती ना आमच्या ह्यांना? मग त्यांच्याच लेकीचा शब्द कसा लागायचा न्हाई?" आणि गेली.

तेव्हापासून मी या मनुकांपुढे बसलेय. आधी तुझ्यावरच चिडले. तू एवढी चांगली वागली नसतीस, तर माझ्या बोलण्याला इथं कुणी विचारलं असतं? फटकळ बाई, बोलली, सोडून द्या, म्हणून विसरले असते. तुझ्या चांगुलपणाचं वजन माझ्या शिवीला आलं, आणि त्याखाली ती पोरगी दवाखान्यात पडलीय. आमचे हे म्हणतात, "जाऊन ये, त्यात काय." यांचं काय जातंय म्हणायला! माघारी घेतला म्हणजे शाप होता हे कबूल केलं. उद्या काही बरंवाईट झालं तर म्हणतील, मनापासून घेतला नाही. गर्भ टिकला तर माझा महिमा, ते तर आणखीच वाईट. आणि बागेबद्दल त्यानं अजून चकार शब्द काढलेला नाही. तो उजळ माथ्यानं फिरणार आणि मी दवाखान्यात जाऊन मान खाली घालणार?

कालही याच वेळेला तो डबा घेऊन मंचरला गेला होता. पिकअप त्याच्या अंगणात लावलीय, इथून खिडकीतून दिसते. शेजारीण डबा देतेय. तो काच पुसतोय. मी बांधावर जाऊन उभी राहिले तर तो थांबेल का, माहीत नाही. थांबला तर तासभर त्याच्या शेजारी बसायचं, आणि मला काही तुझ्यासारखी निवडायला तूर मिळणार नाही. आणि पोरीला काय सांगू? शाप नसतो, हे दुपारी सांगून झालं, आणि ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. हे तुला पोचायचं नाही म्हणूनच लिहितेय, समोर असतीस तर जीभ रेटली नसती. त्या खळ्यात ओरडले तेव्हा, आई, शाप मानत नाही वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. तो लागावा असंच मला वाटत होतं.

तेवढं माघारी घ्यायला जाते. गाडी सुरू झाली. मनुका भिजू देत तशाच.