गेटच्या बाजूची गाडी

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस, म्हणून हे कागदावर. मी लेखनाचा एक ऑनलाइन कोर्स करायचं म्हणते आहे. आठ आठवडे, दर गुरुवारी संध्याकाळी दोन तास. फुकट नाही, फी माझ्या अर्ध्या पगाराएवढी आहे. दादा म्हणाला की लिहायचं तर शाळेतच शिकवतात, तू तेव्हा काय झोपा काढल्यास का. पहिले दोन वर्ग चाचणीचे असतात, पटलं नाही तर त्यानंतर दोन आठवड्यांत पैसे परत. तेवढे करून ठरवीन.

कारण सांगते. गेल्या महिन्यात एका कारखान्यात ट्रक तोलायचा वजनकाटा तपासायला गेले होते. चारही कोपऱ्यांवर प्रमाणित वजनं ठेवून पाहिली. तीन कोपरे बरोबर, चौथ्यावर तीनशे किलो कमी. खाली वाकून पाहिलं तर काट्याच्या पत्र्याखाली खडी आणि चिखल घट्ट बसलेला. ट्रकचा काही भार काट्यावर न येता थेट जमिनीवर जात होता. मी अहवालात आकडा लिहिला, सही केली आणि निघाले. पण घरी येईपर्यंत डोक्यात बाबाच होते.

बाबा ज्या कंपनीत वजनकाटा सांभाळायचे, तिथल्या काट्यावरूनही भरलेले ट्रक कमी वजन दाखवून बाहेर पडत होते. ड्रायव्हरांशी संगनमत करून मुद्दाम कमी वजन लावलं, असं बाबांनी लिहून दिलं आणि नोकरी सोडली. याला एकोणीस वर्षं झाली. तो काटा केव्हाच भंगारात गेला, त्यामुळे तपासायला काही उरलेलं नाही. लिहायला उरलं आहे, आणि मला फक्त अहवाल लिहिता येतात.

तुझं मत हवं आहे. परवानगी नको.

लोभ आहेच, तो हे वाचूनही टिकावा.
तुझी,
टाचणी


९ मार्च

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून पाय मोडल्यासारखं आहे. त्याचा कोर्स असेल तर आधी तो कर.

मी छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. फी भरून लेखक झालेला एकही माणूस पाहिला नाही. उलट जे दुसऱ्यांना लेखन शिकवत फिरायचे, त्यांचीच मुद्रितं सगळ्यात घाण असायची. एकाने नायिकेला चाळिसाव्या पानावर विधवा केलं आणि साठाव्या पानावर ती नवऱ्याला ताट वाढत होती. मी विचारलं, तर म्हणाला की वाचकाच्या लक्षात येत नाही. असल्यांना अर्धा पगार देणार असशील तर तुझ्या डिग्रीचं लोणचं घाल.

पानं माझ्याकडे पाठव. मी तपासते. मुद्रितशोधक मजकुराला हात लावत नाही, फक्त चुका काढतो. तुला तेवढंच हवं आहे.

बाबाचं मात्र राहू दे. त्याने ते गिळलं आहे. आता ढवळून कोणाला काय मिळणार? तुमच्या ऑफिसातल्या गमतीजमती लिही. तो तुमचा साहेब, जो थर्मामीटरवर विश्वास नाही म्हणून चहात बोट घालून पाहतो, त्याच्यावर लिही.

जेवणाची आबाळ करू नकोस. माझी माया गृहीत धर, मत मात्र नीट वाच.
तुझी,
आत्या


१७ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चाचणीचे दोन वर्ग झाले. कोर्स तपासला. नवीन यंत्र आलं की आम्ही पहिल्यांदा तेच वजन त्यावर पुन्हा ठेवून पाहतो. आकडा तोच आला पाहिजे. मी बाबांवर लिहिलेलं एकच पान दोन नावांनी पाठवलं. मास्तरांनी पहिल्या नावाला कळवलं की पानात आग आहे, एक शब्दही बदलू नकोस. दुसऱ्या नावाला कळवलं की हे अहवालासारखं कोरडं आहे, थोडं रडायला शिक. मास्तरांमागे पुस्तकांचं मोठं कपाट असतं आणि ते हात हलवून छान बोलतात. यंत्र म्हणून मी त्यांना नापास केलं. इथपर्यंत तू जिंकलीस.

पण वर्गात माझ्याशिवाय अकरा जण आहेत. त्यांतल्या एका निवृत्त बस ड्रायव्हरने दोन ओळी लिहिल्या. म्हणाले, पान वाचलं, पण पटलं नाही, कारण वजन कमी येताना गाडी काट्यावर नेमकी कुठे उभी होती ते यात नाही. ड्रायव्हर माणूस पहिल्यांदा तेच बघेल, म्हणाले.

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. मी याच कामाचा पगार घेते. रविवारी बाबांना विचारलं. ते कात्रीने वर्तमानपत्र कापत होते. वर न बघता म्हणाले की गेटच्या बाजूला, दर वेळी गेटच्याच बाजूला, गाडी चार फूट मागे घेतली की आकडा बरोबर यायचा. मग म्हणाले की हे मी तेव्हाही सांगितलं होतं. कुणाला, ते विचारलं तर उठून नळ बंद करायला गेले. नळ बंदच होता.

चार पानं झाली आहेत. सोबत पाठवते. तू म्हणालीस तसं तपास. बाबांना सोडून दुसऱ्या कशावर मी सध्या लिहिणार नाही.

लोभ आहे तसाच ठेव, कमी नको.
तुझी,
टाचणी


२२ मार्च

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

पानं तपासून परत पाठवते आहे. बरं लिहिलं आहेस. खडी आणि चिखलाचा भाग तर मी दोनदा वाचला. तिसऱ्या पानावरचा एक परिच्छेद काढला आहे. त्याची गरज नाही, त्याच्याशिवाय गोष्ट सरळ पुढे जाते.

मास्तर नापास झाला आहे, तर मुदत संपायच्या आत पैसे परत घे आणि चांगले बूट घे. तुझे बूट कारखान्यातल्या यंत्रांपेक्षा जुने आहेत. बस ड्रायव्हरला माझा नमस्कार सांग, पण त्याला आपल्या घरात काय करायचं आहे?

पाठ दुखते आहे, म्हणून थोडक्यात. आशीर्वाद नेहमीचेच.
तुझी,
आत्या


२७ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पानं मिळाली. सव्वीस दुरुस्त्या आहेत. पंचवीस मान्य. सव्विसावी मान्य नाही.

तू काढलेल्या परिच्छेदात ही तीन वाक्यं होती. ‘बाबांना दोन ओळींचा अर्जही धड लिहिता येत नसे. त्यांचं कबुलीपत्र मात्र दीड पान होतं आणि त्यात एकही चूक नव्हती. ते आत्याने नाइलाजाने लिहून दिलं, बाबांनी सही केली.’ हे मला कोणी सांगितलेलं नाही. बाबांच्या फाइलीतली त्या पत्राची प्रत पाहिली आणि ओळखलं. असं पत्र आपल्या घरात एकाच माणसाला लिहिता येतं.

मुद्रितशोधक मजकुराला हात लावत नाही, हे तुझं वाक्य आहे. छत्तीस वर्षं तू लावला नाहीस. माझ्या चार पानांवर एकदाच लावलास, आणि तो इथे. यंत्र एकाच कोपऱ्यावर चुकतं तेव्हा मी त्या कोपऱ्याखाली वाकून बघते. परिच्छेद परत घातला आहे. तो राहील.

कोर्स ठेवते आहे. पैसे परत घ्यायची मुदत काल संपली आणि मी ती संपू दिली. मास्तर काही शिकवतील म्हणून नाही. त्या अकरा माणसांसाठी. त्यांना बाबांची लाज वाटत नाही आणि तुझी भीड पडत नाही. जे पटलं नाही ते विचारतात. आपल्या घरात एकोणीस वर्षांत कुणी बाबांना एक प्रश्न विचारला नाही. मीही नाही. एका परक्या माणसाने तो दोन ओळींत विचारला. एवढ्यासाठी अर्धा पगार मला महाग वाटत नाही.

दादा म्हणाला की हौस असेल तर कर, पण घरचं बाहेर काढू नकोस. मी त्याला म्हटलं की घरचं बाहेर जाऊन एकोणीस वर्षं झाली, कंपनीच्या फाइलीत, सहीनिशी. बाहेर जे आहे ते चुकीचं आहे, मी तेवढं बदलते आहे. त्यावर तो जेवायला बसला.

नऊ एप्रिलच्या गुरुवारी वर्गात माझा नंबर आहे. चारही पानं मोठ्याने वाचायची आहेत. तुला विचारत नाही, कळवते आहे.

रागाने का होईना, उत्तर पाठव.
तुझी,
टाचणी


२ एप्रिल

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीन दिवस टेबलावर होतं. चार वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. हे पाचवं, आणि यातलं काही खोडणार नाही.

परिच्छेद ठेव. पण त्यात एक चूक आहे, आणि ती माझ्या नजरेतून सुटली नव्हती. मी ती मुद्दाम सोडली आणि चुकीसकट परिच्छेदच काढला. नाइलाजाने हा शब्द खोटा आहे. तो काढ. मी ते पत्र हौसेने लिहिलं. कंपनीचा माणूस म्हणाला होता की लेखी कबुली दिली तर पोलिसांत जाणार नाही. तुझा बाबा घाबरला होता, मी घाबरले नव्हते. मला वाटलं, मी असा मजकूर लिहीन की वाचणाऱ्याला त्याची दया येईल. आणि तशी ती आली. कंपनीच्या माणसाने पत्राची भाषा चांगली आहे म्हटलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. हेही लिही.

तो कुणाला सांगत होता, असं तू विचारलंस. मला. गेटच्या बाजूला गाडी असली की आकडा कमी येतो, हे त्याने मला त्या रात्री दोनदा सांगितलं. पहिल्या खर्ड्यात ते वाक्य होतं. पक्कं करताना मी ते काढलं. कबुलीपत्रात सबब आली की मजकूर ढिला पडतो, असं मी त्याला समजावलं. त्याने मान हलवली, कारण लिहिण्यातलं मला कळतं असं तो धरून चालला होता. पत्र सुटसुटीत झालं, आणि काट्याखाली वाकून बघायचं कारणच कुणाला उरलं नाही.

कोर्स कर. मी त्याच्या विरुद्ध होते, ते मास्तरामुळे नव्हतं.

रविवारी सकाळच्या गाडीने येते आहे. ते वाक्य काढण्यात माझी चूक होती, हे माझ्या धाकट्या भावाला माझ्या तोंडून कळलं पाहिजे, तुझ्या पानांवरून नाही. तो काय म्हणेल ते मी ऐकून घेईन, मोठ्याने म्हणाला तरी. त्यानंतर येणाऱ्या गुरुवारी तू वाच. आत्या म्हणून मला सांभाळून घेऊ नकोस. आणि मी काढलेलं ते गेटचं वाक्य तुझ्या गोष्टीत सगळ्यात वर घाल.

आलेल्या रागासकट आशीर्वाद घे.
तुझी,
आत्या