तेहतीस तांबे पाणी दिल्लीला कसं पोचलं

॥ श्री पुरुषोत्तम प्रसन्न ॥

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
अधिक ज्येष्ठ वद्य पंचमी

तीर्थरूप पुंजारामदादांच्या पायांवर धाकट्या बहिणीचं, आवडाचं, डोकं. चतुरावहिनींनाही वाकून नमस्कार. देवाच्या दयेनं आम्ही दोघं ठीक आहोत, ह्यांचा खोकला सोडून. तुमच्या गुडघ्याला निर्गुडीचा शेक चालू ठेवा, डॉक्टर काहीही म्हणोत.

पाकीट बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फुलंब्री काही लांब नाही आणि फोनही घरात दोन आहेत, पण अलीकडे माझा फोनवरचा विश्वास उडाला आहे. तोंडातून निघालेला शब्द कुठून कुठं जातो हे मी या पंधरवड्यात डोळ्यांनी पाहिलं. म्हणून डिंक लावून बंद केलेलं हे पत्र. वाचून चुलीत घाला.

तुम्ही टीव्ही बघत नाही, त्यामुळे सगळ्या हिंदुस्थानाला जे माहीत आहे ते माझ्या सख्ख्या भावाला माहीत नसणार. तर मुळापासून सांगते. शारदाच्या लग्नानंतरचा हा पहिला धोंड्याचा महिना. तुम्हीच जुळवलेलं लग्न, तेव्हा वैजापूरच्या पाहुण्यांचा मान काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. जावईबापूंना (बद्रीनाथराव तहसिलात कारकून आहेत, स्वभावानं गरीब, पण रुसले की तीन-तीन महिने) जोडीनं जेवायला बोलावलं. वाण म्हणून नळाचं स्टीलचं पिंप घेतलं, आणि त्यात रीतीप्रमाणे तेहतीस अनारसे घालायचे असं ठरवलं. पण अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचं असतं. आमच्या गल्लीत नळ येतो आठव्या दिवशी. मी म्हटलं, तांदळाला काय कळतंय, आणि पाणी एकदाच बदललं. अनारसे तुपात पडले आणि एकजात हसले. एकही अख्खा निघाला नाही. कढईत नुसता भुगा. तो भुगा आम्ही अजून चहाबरोबर खातो आहोत.

आता पिंप रिकामं राहिलं. रिकामं भांडं लेकीच्या घरी पाठवू नये, एवढं तरी आपल्या आईनं शिकवलं आहे. गहू-तांदूळ सगळेच घालतात. मी देवासमोर उभं राहून विचार केला, की या घरात आज सगळ्यात मोलाचं काय आहे? त्याच सकाळी आठ दिवसांनी नळ आला होता. देवानंच सुचवलं, दादा. लहान तांब्यानं, एकेका तांब्याला ‘पुरुषोत्तमाय नमः’ म्हणत, मोजून तेहतीस तांबे पाणी मी त्या पिंपात घातलं. झाकणावर दिवा ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि बापूंच्या हाती दिलं. म्हटलं, बापू, वाण आहे, तुमच्या देवघरात टेकेपर्यंत वाटेत खाली ठेवू नका.

बापूंनी ऐकलं, हीच चूक झाली. नळ अर्ध्या तासात गेला होता आणि कोपऱ्यावर टँकर आलेला, त्यामुळे रिक्षा गल्लीत येईना. मग पिंप डोक्यावर घेऊन, नवा सदरा, नवी टोपी, कपाळाला ओलं कुंकू, असे बापू टँकरच्या रांगेमधून निघाले आणि मागे पोटुशी शारदा, झाकणावरचा दिवा हातात घेऊन पदरानं झाकत. आमच्या शेजारच्या द्वारकाबाईंच्या तोंडाला काही झाकण नाही. त्या रांगेतून ओरडल्या, “काय हो जावईबापू, सासरी पाणी भरायला ठेवलं व्हय तुम्हाला?” सगळी रांग हसली. बापूंना मान खाली घालता येईना (डोक्यावर पिंप), म्हणून ते ताठ मानेनं गेले. त्याचा अर्थ पुढं वेगळाच लावण्यात आला, मागून मिळाल्याचा तोरा म्हणून. बसमध्येही त्यांनी वैजापूरपर्यंत पिंप मांडीवर धरलं होतं, असं शारदा सांगते. कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं म्हणे.

आमच्या कोपऱ्यावर बन्सी म्हणून झेरॉक्सवाला आहे. पन्नाशीचा आहे, पण मोबाईलवर ‘गल्ली दणका’ नावाची बातमी चालवतो. त्यानं हे सगळं टिपलं. त्याची बातमी साधीच होती, ‘सासूबाईंनी दिलं पाण्याचं वाण’. मला तर बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘धोंड्याला अनारशाऐवजी पाणी, टंचाईचा कहर’. त्यात अनारसे हसल्याचा उल्लेख नव्हता. तिसऱ्या दिवशी मुंबईच्या चॅनलवर, ‘जावयानं मागितलं पाणी!’ आणि चौथ्या दिवशी दिल्ली. दादा, दिल्ली! ‘दहेज में पानी’, आणि खाली सरकत्या पट्टीत ‘प्यासा दामाद’.

मी हात जोडून टीव्हीसमोर बसले. आधी अख्ख्या हिंदुस्थानाचा नकाशा दाखवला. मग तो मोठामोठा होत आपल्या शहरावर आला आणि तिथं लाल ठिपका धपापू लागला. त्या ठिपक्यात आमचं स्वयंपाकघर! यशोदेला कृष्णाच्या तोंडात विश्व दिसलं होतं, इथं विश्वाला माझ्या पिंपात काहीतरी दिसत होतं. पिंपाभोवती लाल गोल काढला होता आणि वर बाण, जणू कोणाला पिंप ओळखू येणार नाही. मग सहा चौकटींत सहा माणसं आली आणि एकाच वेळी बोलू लागली. एक बाई शारदासाठी रडकुंडीला आल्या होत्या. एक म्हणाले, हा सगळा हवामानातला बदल. एक प्राध्यापक म्हणाले, दख्खनमध्ये चारशे वर्षांपासून जावयाला पाणी द्यायची प्रथा आहे. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, मला तर काय नाय दिलं तुझ्या आईनं. पण मला वाटलं, असेलही. एवढी शिकलेली माणसं, सुटाबुटात, एवढ्या उन्हाळ्यात उगीच बोलतील का? मी आपली मॅट्रिक.

पुढच्या दिवशी दिल्लीची एक मुलगी माईक घेऊन दारातच उभी. गोड होती बिचारी. मी तिला अनारशाचा भुगा दिला, तो तिनं कॅमेऱ्याला दाखवून खाल्ला. मग एकदम आवाज बदलून म्हणाली, “माताजी, क्या दामाद ने पानी की डिमांड की थी?” बघा दादा. माझा जावई, तुम्ही पारखून आणलेला, आणि देशासमोर पाणी मागणारा भिकारी! बापूंची अब्रू माझ्या जिभेवर होती. मी पदर सावरला आणि म्हटलं, “कुठली डिमांड, बाई? हमारे घर में पानी को क्या कमी है? नळ को दोन टाइम पानी आता है. तेहतीस तांबे क्या, तीनशे देंगे!” ती खूश झाली आणि गल्लीतून भुगा पुसत निघून गेली. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. पाण्याचं बघणारे साहेब गल्लीत आले आणि त्यांनी रांगेतल्या बायकांना मोबाईलवर मलाच दाखवलं. म्हणाले, “तुमच्याच बाईनं साऱ्या देशाला सांगितलंय, दोन टाइम पाणी येतं. आता मी वर काय तोंड दाखवू?” टँकर मागच्या गल्लीला गेला तो गेलाच. तेव्हापासून बायका माझ्याशी बोलत नाहीत, फक्त द्वारकाबाई बोलतात, आणि त्या न बोलतील तर बरं. रोज सकाळी रिकामी घागर माझ्या ओट्यावर ठेवून म्हणतात, “आवडाबाई, तुमचा नळ दोन टाइमचा हाय नव्हं, माझं तेवढं एका टाइमचं भरून ठेवा.”

हे सगळं मी सोसलं असतं. पण ज्यांच्यासाठी बोलले तेच रुसले आहेत. बापूंच्या कचेरीत म्हणे रोज कोणी ना कोणी टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवून जातं. अर्ज घेऊन आलेला शेतकरीसुद्धा आधी म्हणतो, साहेब, घोटभर घ्या. बापूंनी निरोप धाडला आहे, की ज्या घरानं माझी तहान देशाला दाखवली तिथं बायकोला बाळंतपणाला पाठवणार नाही. दादा, शारदाला पुढच्या आठवड्यात सातवा संपतो. पहिलं बाळंतपण. पोरीचा फोन येतो तेव्हा ती रडत नाही, नुसतं ‘नळ आला का’ एवढंच विचारते, ते मला जास्त लागतं. माहेरी नाही आली तर तिचे पाय कोण चेपेल, तिला मध्येच लागलेली भूक कोण ओळखेल? देशाला तिचं सगळं कळलं, फक्त तिला घरी यायचं आहे एवढं कोणी दाखवलं नाही. लग्न तुम्ही जुळवलं, तुमचा शब्द ते मोडत नाहीत. तेवढं वैजापूरला जाऊन बापूंची समजूत घाला आणि शारदाला माझ्याकडे आणून सोडा. दुसरं काही मागत नाही.

तुमची
आवडा

ता. क. : तुमच्यापाशी खोटं नको. बन्सीला त्या सकाळी मीच कोपऱ्यावर बोलावलं होतं. मॅट्रिकच्या निकालात नंबर छापून आला होता, त्यानंतर मी कुठंच छापून आले नाही. हे ह्यांनाही माहीत नाही.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तोच विहीणबाईंचा, म्हाळसाबाईंचा, फोन आला. बापूंचा रुसवा गेला! तिकडं त्यांचा बोअर आटला आहे, आणि माझी मुलाखत त्यांनी परत एकदा नीट ऐकली. म्हणाल्या, “विहीणबाई, तुमच्याकडं दोन टाइम पाणी, मग पोरीला इथं कशाला वाळवायची?” रविवारी शारदाला घेऊन येत आहेत. सोबत बापू, त्या स्वतः आणि आजेसासूबाई, बारशापर्यंत मुक्कामाला. आमच्या पिंपात सध्या दीड घागर आहे. तेव्हा दादा, वर लिहिलेलं सगळं तसंच धरा, फक्त शारदाला माझ्याकडे आणू नका. शनिवारीच वैजापूर गाठा आणि सगळ्यांना तुमच्याकडे फुलंब्रीला न्या. तुमच्या विहिरीला पाणी आहे. मी आणि हेही धुण्याचं गाठोडं घेऊन येतो. विहीणबाईंना सांगा, की पहिलं बाळंतपण मामाच्या घरी करायची आपल्यात जुनी रीत आहे. अशी रीत आपल्यात कधीच नव्हती हे मला माहीत आहे. पण बन्सीला आजच सांगते, सोमवारपर्यंत ती रीत चारशे वर्षांची होऊन दिल्लीहून येईल.