चमचाभर दही

आई, आज सकाळी क्रीडा संकुलात बॉक्सिंगच्या मुलींची वजनं चालू होती, तेव्हा एकीची आई माझ्याजवळ आली. पदराआड वाटी होती. "मॅडम, लेकीच्या हातावर दहीसाखर ठिवू का? का वजन वाढंल?" तिची लेक माझ्याच हाताखाली तयार झालेली, गेल्या वर्षीची राष्ट्रीय विजेती, आणि वजन चांगलं अर्धा किलो कमी भरत होतं. मी म्हटलं, "ठेवा की, चमचाभर दह्यानं काय होतंय?" बोलून गेले आणि मग मला तिथं उभं राहवेना. हे वाक्य मी तुला सांगायला हवं होतं. तू जाऊनच आता बारा वर्षं झाली.

तेव्हा मी सतरा वर्षांची. राज्य स्पर्धा आपल्याच शहरात, माझा गट अठ्ठेचाळीस किलोचा, आणि जिंकेल ती थेट राष्ट्रीयला जाणार. वजन उतरवायचं म्हणून आठ दिवस माझं रात्रीचं जेवण बंद आहे. तू वसतिगृहात साठ मुलींचा स्वयंपाक करून घरी येतेस आणि माझ्यासोबत उपाशी बसतेस. मी खेकसते, "तू जेव ना." तू म्हणतेस, "तुझ्याम्होरं घास नाय उतरत गं." वर माझी चेष्टा, "नाक तेवढं शाबूत ठिव, पुढं सोयरीक जमवायची हाय." वजनाच्या दिवशी सकाळी निघताना तू हातावर दहीसाखर ठेवलीस आणि माझ्यासोबत मैदानावर आलीस. काट्यावर वजन चारशे ग्रॅम जास्त भरलं. दोन स्वेटर घालून मैदानाला चकरा मारल्या, तरी वेळ संपली तेव्हा थोडं उरलंच, आणि माझं नाव कापलं गेलं. आमच्या बॉक्सिंगच्या सरांनी विचारलं, "काय खाल्लंस?" मी म्हटलं, "आईनं दही दिलं." सर सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडले, "बाई, एका चमच्यापायी पोरीचं वर्ष घालवलंत!" तू हात जोडलेस. "चुकलं सर. मला अडाणीला नाय कळलं."

चमच्यात चारशे ग्रॅम दही मावत नाही, हे कुणीही सांगितलं असतं. पण रागात कोण विचार करतं? खरं म्हणजे पहाटे घसा कोरडा पडला होता, आणि तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी माठातलं तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले होते. काट्यावर उभी राहिले तेव्हाच मला ते कळलं होतं.

त्यानंतर तू कुणाच्याच हातावर दहीसाखर ठेवली नाहीस. दादा बारावीच्या पेपरला निघाला तर त्याला शेजारच्या मावशीकडं पाठवलंस. पुढल्या वर्षी मी राष्ट्रीय सुवर्ण घेऊन आले, क्रांती चौकात ढोल वाजले, कुणीतरी तुझ्या हातात पेढा दिला. तू तो मावशीच्या हातात ठेवलास. "माझ्या हातचं नको, तुमीच भरवा." पेपरातल्या फोटोत मला पेढा भरवतेय ती मावशी. तू मागं उभी आहेस, हसतेयस, हात पदरात गुंडाळलेले. तो फोटो मी आजवर कुणाला दाखवलेला नाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू मला जवळ बोलावलंस. कधी विचारलं नव्हतंस ते विचारलंस, "तवा माझ्यामुळंच हुकलं ना गं तुझं?" खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी तुझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे आई. मी कधीच माफ केलंय तुला." तू डोळे मिटलेस, आणि तुझा चेहरा असा सैलावला की मला रडू आलं.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की तुला त्या वेळी त्रास नको, म्हणून गप्प बसले. हा कागद कुठं पाठवायचा नाहीच, तर इथं तरी खरं लिहिते. तुला माफ करताना मला बरं वाटलं होतं, आई.