कोरडी हवा

८ एप्रिल २०२५, कारंजा लाड
आलो एकदाचे. डाळ मिलच्या आवारातच खोली मिळाली. भाडं नाही, नळाला पाणी भरपूर. शुभांगीने गॅस लावायच्या आधी चिमीचा पाळणा कुठे बांधायचा ते ठरवलं. चिमी चार महिन्यांची, आईच्या दुधावर चांगली गुटगुटीत झाली आहे. रिठदला बाबांचा वांग्यांचा मळा आहे, ते तिला भरताचं वांगं म्हणतात.

माझं काम भिंतीपलीकडच्या कॉम्प्रेसर रूममध्ये. डाळ निवडणारं मशीन खराब दाणा हवेच्या फुंकरीने उडवतं. ती हवा दमट असली की सगळा घोळ, म्हणून ड्रायर लागतो. माणसाहून उंच दोन टॉवर, आत पांढऱ्या गोळ्या भरलेल्या. एका टॉवरमधल्या गोळ्या हवेतलं पाणी पितात, तोवर दुसऱ्यातल्या गोळ्यांना हीटर तापवतो आणि त्यांनी प्यालेलं पाणी वाफ होऊन पाइपातून भिंतीबाहेर जातं. मग पाळी बदलते. शुभांगीला हे सगळं समजावलं, तर म्हणाली, पापड वाळवायला एवढा डिप्लोमा कशाला केला?

११ एप्रिल
झाडलोट करणारी रुखमाबाई रोज दोन टॉवरच्या मध्ये पाण्याने भरलेला तांब्या ठेवते. ऑपरेटर हेमसिंगने कारण सांगितलं. तिचा मुलगा दौलतसिंग इथे फिटर होता. मागच्या उन्हाळ्यात गोळ्या बदलायला टॉवरमध्ये उतरला आणि कुणीतरी चुकून हीटर लावला. बाहेर काढला तेव्हा पाणी मागत होता म्हणे, पण पाणी येईपर्यंत गेला.

वाईट वाटलं. पण ड्रायरला पाण्याचं वावडं. तांब्या केबलवर लवंडला तर नोकरी माझी जायची. मी तो उचलून बाहेर ठेवला आणि उद्यापासून नको, असं बाईंना समजावून सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “माह्या लेकाची तहान मोठी हाय साहेब. इथं नाई भेटलं तं तो दुसरीकडं पिईन.”

१५ एप्रिल
रुखमाबाई त्या दिवसापासून कामावर आलेल्या नाहीत.

पाइपातून वाफ जरा जास्तच येते आहे. बाहेर हवा इतकी कोरडी की धुतलेला शर्ट पिळेपर्यंत वाळतो, आणि पाइपाखालची भिंत मात्र चिंब. हवेत पाणी नाही, तर हे येतं कुठून? हेमसिंगला विचारलं. तो पाइपाकडे न बघताच दुसऱ्या कामाला लागला.

घरी माठाचा तळ दुपारीच दिसतो. शुभांगीचे ओठ फुटले आहेत. उन्हाळा आहे म्हणा.

१९ एप्रिल
शुभांगीचं दूध आटलं. अळिवाची खीर झाली, मेथीचे लाडू झाले, उपयोग नाही. वरचं दूध चिमी पिते, पण पोटात जातं की कुठे जातं कळत नाही. रडते तर डोळ्यांत पाणी नाही. दुपटं कालपासून कोरडं आहे. मला भीती वाटते आहे.

पाइपातल्या वाफेला आज दुधाचा वास होता. हेमसिंगलाही आला. तो पंचा खांद्यावर टाकून निघून गेला.

२० एप्रिल
चिमीला दवाखान्यात भरती केलं. सलाइन जाते, लघवी होत नाही. डॉक्टर पुन्हा पुन्हा सुई तपासतात.

मिलमध्ये येऊन मेन स्विच पाडला. कॉम्प्रेसर थांबला, ड्रायर थांबला. वाफ — वाफ थांबली नाही.

तांब्या भरून ठेवला. मग बादली. तासाभराने पाहिलं, दोन्ही तशीच काठोकाठ —

२१ एप्रिल
सकाळी कामरगावकडच्या तांड्यावर, रुखमाबाईंच्या घरी गेलो. त्यांचे पाय धरले. म्हटलं चला, तुमच्या हाताने ठेवा. त्यांनी मान हलवली. “आता तांब्यानं नाई भागत. त्याले अंगातलं पानी गोड लागलं.”

मग माझ्यापुढे कळशी ठेवली. “पोटभर पेऊन घ्या, अन् तुमीच जा त्याच्यापाशी.”

प्यालो.

२१, दुपार
टॉवरला टेकून बसलो आहे. म्हटलं, दौलतसिंग, पोरीला सोड. माझं घे.

आत गोळ्या सरकल्या —

थुंकी नाही. हाताला चिमटा घेतला, कातडी तशीच उभी राहिली —

शुभांगीचा फोन. चिमीने दुपटं भिजवलं. ती रडतही होती, हसतही होती. मला ओ देता येईना, जीभ टाळूला — ती हॅलो, हॅलो करत राहिली.

मलाही रडायचं होतं.

मेन स्विच खालीच आहे. तरी माझ्या पाठीचा टॉवर तापतो आहे —

शुभांगी, दवाखान्यातून परस्पर रिठदला जा. चिमीला इथे आणू नको. माझं सामान न्यायलाही येऊ नको. तो अजून मागतो आहे, आणि माझ्यात आता