मुख्याध्यापकांची कवळी

प्रिय भांडकुदळ पोरी,

तुझं मावशीच्या नावाचं चार ओळींचं पत्र मिळालं. मी तुझ्या बाबांना आपल्या कवळ्यांच्या लॅबमधून हाकललं, आणि ते व्यसनी निघाले म्हणून तू त्यांचे फोन उचलत नाहीस, हे दोन्ही वाचलं. पहिलं साफ खोटं आहे. ते आत्ता खिडकीपाशी बसून एका आजोबांच्या कवळीसाठी मेणात दात बसवताहेत आणि बेसूर गुणगुणताहेत. कान किटले माझे, पण बरं वाटतंय गं.

बाबांचं कसब तुला ठाऊकच आहे. प्लास्टरचा साचा नुसता पाहून जबडा कुणाचा ते सांगायचे. गेल्या वर्षी पाठदुखीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू माणूसच बदलला. थट्टामस्करी बंद. तासातासाला बाथरूम. जेवायच्या सुट्टीत डब्यासमोर पेंगणं, कपाळावर घाम. मला दिसत होतं, पण मी कानाडोळा केला. त्यांनी बिघडवलेलं काम संध्याकाळी गुपचूप दुरुस्त करून ठेवायची. वाटायचं, सांभाळून घेतेय. कसलं डोंबलाचं सांभाळणं! असं सहा महिने चाललं आणि तेवढ्यात गोळ्या दुप्पट झाल्या.

मग मुख्याध्यापकांचं प्रकरण झालं. निवृत्त, पण दरारा तोच. बाबांनी वरची कवळी त्यांची आणि खालची एका शिंप्याची, अशी जोडी लावून पाठवली. सर तणतणत आले. तोंड मिटेना, तावातावाने झापताहेत आणि आम्हाला एक अक्षर कळेना. सगळे हसून बेजार. बाबा मात्र भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ते पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं.

दुपारी दार लावून त्यांना समोर बसवलं. काय काय चुकलं ते तारखांसकट सांगितलं, आवाज न चढवता. नोकरी कुठे जात नाही, पण डॉक्टरकडे जायचं आणि बरं होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, एवढंच बजावलं. ते भडकले, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तरातरा निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले, खिशातल्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि हमसून हमसून रडले. डॉक्टरांनी गोळ्या एकदम बंद न करता हळूहळू कमी केल्या. तीन महिने मी रजा दिली, तिलाच तू हाकलणं म्हणतेस. आता गेला महिनाभर अर्धा दिवस येताहेत. परवा मी बसवलेल्या दातांना नावं ठेवली, म्हणजे स्वारी ताळ्यावर आली म्हणायची.

हे फोनवर सांगता आलं असतं. लिहितेय, कारण पुढचं तोंडाने सांगायची माझी छाती होत नाही. पहिली पट्टी बाबांनी कुठून आणली नव्हती. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उरलेल्या गोळ्या मीच त्यांच्या हातावर ठेवल्या होत्या, घ्या, आराम पडेल म्हणत. संपल्यावर पुन्हा दिल्या. माझ्यावर एवढे भडकले त्या दिवशीसुद्धा हे त्यांच्या तोंडून निघालं नाही. तुलाही कधी सांगितलं नाही, तुझा अबोला एकट्याने सोसला. तो राग माझ्या वाट्याचा आहे गं. मला काय हवं ते बोल, माझ्याशी जन्मभर बोलू नकोस. पण रविवारी बाबांचा फोन आला की उचल.

तुझीच,
चुकलेली मावशी