अकरावी

अहो,

परवा सकाळी मी कपडे पिळत होते आणि आपली लेक वकिलांच्या ऑफिसात द्यायचा बायोडेटा वाचून दाखवत होती. "वर्गात नववी," म्हणाली. पेपरांच्या फेरतपासणीत तिचा नंबर घसरून ती अकरावी झालीय, हे मला ठाऊक होतं.

"आई, पहिल्या दहाच जणांना मुलाखतीला बोलावतात गं. आणि नववी होतेच ना मी!"

"होतीस. तुझे बाबाही होते. म्हणून मी अजून नावाआधी सौ. लिहू का?"

बोलून गेले आणि पिळलेलाच कपडा पुन्हा पिळत राहिले. तिनं 'नववी'चं 'अकरावी' केलं.

"नाही बोलावलं तर?"

"तर दुसरीकडे जाऊ."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर त्या ऑफिसपर्यंत गेले आणि ती बायोडेटा देऊन येईपर्यंत जिन्यात थांबले.

तुमचीच,
लेकीची आई